इलेक्ट्रॉनिक्सचा छंद : आरंभ कसा करावा?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत धम्म, चळवळीचा इतिहास, आरोग्य, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवरील लेख वाचावयास मिळतात आणि ते मिळालेच पाहिजेत. यंदा आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. शाळा-महाविद्यालयांत शिकणारे काही विद्यार्थी विचारतात, "इलेक्ट्रॉनिक्स शिकावेसे वाटते, पण सुरुवात कोठून करायची? पुस्तक कोणते घ्यायचे? क्लास लावावा लागेल काय?" अशा जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. या विद्येचे दार विज्ञानाच्या पदवीवाचून उघडत नाही, ही समजूत चुकीची आहे हे आम्ही म्हणूनच खात्रीने सांगू शकतो.

आमचे उत्तर थोडक्यात असे. एक अगदी लहान सर्किट स्वतःच्या हाताने जोडावे, ते स्वतः मोजून पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. तेथून आरंभ करावा. पुस्तक व क्लास त्यानंतर. असे का, आणि ते कसे करावे, हे आता क्रमाने पाहू.

छंद कशासाठी?

काही पालक म्हणतील, "मुलांनी अभ्यास करावा, नोकरीस लागावे. हे तारांचे खेळ कशाला? आमच्या वाडवडिलांनी हात काळे केले. मुलांना ते करावे लागू नये म्हणून तर आम्ही त्यांना शिकवले." या बोलण्यामागील वेदना खरी आहे. आपल्या समाजावर हातांची कामे लादली गेली. हाताने राबणारा खालचा आणि बसून वाचणारा वरचा, अशी उतरंड या देशात उभी राहिली. त्यामुळे शिक्षण म्हणजे हातकामातून सुटका, असे समीकरण आपल्या घराघरांत रुजले, यात नवल नाही.

परंतु विज्ञान या उतरंडीला मानत नाही. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीस लागला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचत असे. त्यांतच त्याला विजेविषयीचा मजकूर सापडला आणि हाताशी असलेल्या साहित्यातून त्याने लहानसे विद्युतयंत्र करून पाहिले. याच फॅरडेने पुढे १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरी येणारी वीज बहुतांशी त्याच तत्त्वावर निर्माण होते. ज्याचा नियम आपण नववी-दहावीत पाठ करतो तो जॉर्ज ओहम हा कुलुपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यांनी स्वतः अभ्यास केला आणि मुलांना घरीच गणित व विज्ञान शिकविले. ओहमचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. हात आणि डोके एकत्र आले की काय घडते, याची ही दोन उदाहरणे आहेत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. १९४२ साली व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात अशी मागणी केली होती. केवळ कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण पुरेसे पडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते श्रममंत्री असताना वीजनिर्मितीचे धोरण हाही विषय त्यांच्याकडे होता आणि त्याच काळात, १९४४ साली, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना झाली. तेव्हा वीज आणि तंत्रज्ञान हा विषय आपल्या चळवळीला परका नाही.

लादलेले काम आणि समजून केलेले काम यांत फरक आहे. सर्किट जोडणाऱ्या मुलाचे हात काळे होतीलही. पण का जोडले, किती प्रवाह वाहील, चुकले तर कोठे चुकले, हे तो सांगू शकेल. म्हणून या छंदात आम्हांस कमीपणा दिसत नाही, उलट स्वाभिमान दिसतो.

शिकण्याची रीत

आता शिकण्याची रीत पाहू. पुष्कळ मुले प्रथम जाडजूड पुस्तक आणतात. अणुरचना, अर्धवाहक, समीकरणे अशी चाळीस पाने झाली की उत्साह मावळतो. दुसरी मुले मोबाइलवर व्हिडिओ पाहतात. पाहताना सर्व समजल्यासारखे वाटते, पण समोर कोरा बोर्ड आला की पहिली तार कोठे खोचावी हे सुचत नाही. पोहण्याचे वर्णन वाचून पोहता येत नाही, तसेच हे आहे.

कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आपणांस परिचित आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. स्वतः जाणून, पारखून मग ठरवावे, असा त्याचा आशय आहे. तो उपदेश मुख्यतः आचरणाविषयी आहे हे खरे. पण त्यातील पारखण्याची वृत्ती विज्ञान शिकणाऱ्यालाही लागते. धम्माला आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. सर्किटही तेच सांगते.

यासाठी चार पायऱ्यांची रीत आम्ही सुचवितो. पहिली पायरी अंदाज : जोडण्यापूर्वी काय घडेल ते वहीत लिहावे आणि शक्य तेथे आकडा काढावा. दुसरी पायरी जोडणी. तिसरी पायरी मोजमाप. चौथी पायरी नोंद : अंदाज आणि मोजमाप यांत फरक पडला असल्यास तो का पडला, हे एका वाक्यात लिहावे. ही वही म्हणजेच आपले पहिले पुस्तक. वर्षभरात ती भरली तर विकतच्या पुस्तकातील प्रकरणे आपोआप सोपी वाटू लागतील.

साहित्य

आरंभाला फार खर्च नाही. चार पेन्सिल सेल आणि ते बसविण्याचा खोका, एक ब्रेडबोर्ड, जोडणीच्या तारा, साधा डिजिटल मल्टीमीटर, पाच-सहा लाल एलईडी, निरनिराळ्या मूल्यांचे रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर, बीसी ५४७ हे ट्रान्झिस्टर, एक एलडीआर आणि एक ५५५ आयसी, एवढे पुरते. रेझिस्टर, एलईडी यांच्या किमती एक-दोन रुपयांच्या घरातील असतात. खरा खर्च मल्टीमीटर व ब्रेडबोर्ड यांचा. तरीही सर्व मिळून हजार रुपयांच्या आत भागते. मल्टीमीटर मात्र टाळू नये. मोजमापाशिवाय इलेक्ट्रॉनिक्स शिकणे म्हणजे तराजूशिवाय किराणा दुकान चालविणे होय.

मुंबईत ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही या सामानाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. इतर गावांत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत चौकशी करावी. घरबसल्या मागविण्याचीही सोय आता झाली आहे. तरीपण पहिल्यांदा दुकानात स्वतः जावे असे आम्ही सुचवू. तेथे वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि बोलण्याची भीड मोडते.

मराठी माध्यमाच्या मुलांना या दुकानात एक अडचण येते. पाठ्यपुस्तकात 'विभवांतर', 'विद्युतधारा', 'रोध' आणि 'परिपथ' असतात; दुकानात व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि सर्किट असतात. गोष्ट तीच आहे, नावे दोन आहेत. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावे समोरासमोर लिहून ठेवावीत. "तीनशे तीस ओहम, क्वार्टर वॅट, दहा नग द्या" एवढे वाक्य म्हटले की दुकानदार पुढचा प्रश्न विचारत नाही. इंग्रजी कच्चे आहे म्हणून हा विषय आपला नाही असे कोणी मनात आणू नये.

ब्रेडबोर्डची रचना एकदा समजून घ्यावी. मध्ये एक चर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छिद्रांचे गट असतात व गटातील पाचही छिद्रे आतून जोडलेली असतात. कडेच्या लांब ओळी धन व ऋण पुरवठ्यासाठी असतात. काही मोठ्या बोर्डांत त्या मध्यावर तुटलेल्या असतात. मल्टीमीटरवर सातत्य तपासण्याचा, म्हणजे 'बीप' वाजणारा, मोड असल्यास कोणती छिद्रे जोडलेली आहेत हे तारांच्या तुकड्यांनी तपासून पाहावे; तो नसल्यास रोधाच्या पट्ट्यावर जवळजवळ शून्य आकडा दिसतो का ते पाहावे. हाच पहिला प्रयोग समजावा.

पहिला पाठ : एक एलईडी

चार पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले की ६ व्होल्ट होतात. लाल एलईडी प्रकाशत असताना तिच्या दोन टोकांत सुमारे २ व्होल्ट असतात. उरलेले ४ व्होल्ट कोठेतरी पडले पाहिजेत, त्यासाठी रेझिस्टर. एलईडी थेट बॅटरीला जोडली तर मर्यादेपलीकडे प्रवाह वाहून ती जळते, म्हणून रेझिस्टर वगळू नये.

आता अंदाज करू. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. रेझिस्टर ३३० ओहमचा घेतला तर ४ भागिले ३३० म्हणजे सुमारे ०.०१२ अँपिअर, अर्थात १२ मिलिअँपिअर. लहान एलईडीला एवढा प्रवाह सोसतो व उजेडही चांगला पडतो. ३३० ओहमच्या रेझिस्टरवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. नारिंगी म्हणजे ३, पुन्हा ३, आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. चौथा पट्टा सोनेरी असेल तर मूल्यात पाच टक्के फरक चालतो असा अर्थ. म्हणजे मीटरवर ३१४ ते ३४६ यांमधील आकडा दिसला तरी रेझिस्टर चांगलाच आहे.

एलईडीचा लांब पाय धनाकडे, आखूड पाय ऋणाकडे. रेझिस्टर तिच्या आधी जोडा किंवा नंतर, एकाच मार्गात असला म्हणजे झाले. दिवा लागला की आनंद होतोच. पण खरा अभ्यास यापुढे आहे. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या पट्ट्यावर ठेवून तीन मोजमापे घ्यावीत : बॅटरीचे, रेझिस्टरवरचे आणि एलईडीवरचे. नवीन सेल असतील तर बॅटरी ६ ऐवजी ६.३ च्या आसपास दाखवील. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्या आकड्याएवढी येते काय, ते पाहावे. ती येते, आणि स्वतः मोजून ती पाहिली की पुस्तकातील नियम आपला होतो. नंतर ३३० च्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. प्रवाह किती होईल? ४ भागिले १०००, म्हणजे ४ मिलिअँपिअर. उजेड मंद झालेला दिसेल.

मीटरबाबत तीन नियम लक्षात ठेवावेत. व्होल्टेज मोजताना मीटर घटकाच्या दोन टोकांना लावावा. करंट मोजताना सर्किट तोडून मीटर मार्गाच्या मध्ये घालावा. करंटच्या पट्ट्यावर असताना मीटर थेट बॅटरीला कधीही लावू नये. रोध मोजताना बॅटरी काढून टाकावी.

दुसरा पाठ : अंधार पडताच लागणारा दिवा

आता ट्रान्झिस्टर घेऊ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्या दोघांना व शॉकली यांना या कार्याबद्दल १९५६ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षी नागपुरात आपली धम्मदीक्षा झाली, तेच हे वर्ष, हा एक योगायोग. त्याही आधी आपल्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारित तरंगशोधकासाठी १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. अर्धवाहकांच्या इतिहासात भारतीय नाव आरंभीच आहे, ते असे.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. एमिटर ऋणाला जोडावा. धनापासून ३३० ओहम व एलईडी यांच्यामार्गे कलेक्टरला यावे. धन आणि बेस यांमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा आणि बेस व ऋण यांमध्ये एलडीआर. एलडीआर म्हणजे उजेडात ज्याचा रोध कमी व अंधारात फार वाढतो असा रेझिस्टर.

उजेड असताना एलडीआर बेसवरचे व्होल्टेज खाली ओढून धरतो. ट्रान्झिस्टर बंद राहतो. एलडीआरवर हात धरला की त्याचा रोध वाढतो, बेसवरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ पर्यंत चढते आणि एलईडी लागते. रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लागण्याच्या एका पद्धतीचे मूळ हेच आहे. मीटर बेस आणि एमिटर यांना लावून हात पुढे-मागे करावा आणि आकडा चढता-उतरता पाहावा. बेसमधील अत्यल्प प्रवाह कलेक्टरमधील कितीतरी मोठ्या प्रवाहावर हुकूम चालवितो, हे ट्रान्झिस्टरचे मर्म अशा वेळी डोळ्यांना दिसते.

तिसरा पाठ : लुकलुकणारा दिवा

५५५ ही आयसी हान्स कामेनझिंड यांनी रचली आणि १९७२ साली ती बाजारात आली. पन्नास वर्षे उलटून गेली तरी तिचा वापर चालू आहे. तिला आठ पाय असतात. खाच वर धरली असता डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ असा क्रम असतो. ती ब्रेडबोर्डच्या मधल्या चरावर बसवावी, म्हणजे समोरासमोरचे पाय एकमेकांस जोडले जाणार नाहीत.

जोडणी अशी : १ ऋणाला; ८ आणि ४ धनाला. ८ व ७ यांमध्ये १० किलोओहम. ७ व ६ यांमध्ये ६८ किलोओहम. ६ आणि २ एकमेकांस तारेने. २ व ऋण यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्या अंगावर वजाची खूण असलेला पाय ऋणाकडे. ३ पासून ३३० ओहम व एलईडीमार्गे ऋणाकडे. ५ मोकळा ठेवला तरी चालतो.

अंदाज : पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, म्हणजे १० अधिक १३६, अर्थात १४६ किलोओहम. १,४६,००० ओहम गुणिले ०.००००१ फॅरड गुणिले ०.६९ म्हणजे जवळपास १ सेकंद. घड्याळ लावून वीस लुकलुकी मोजाव्यात. वीस सेकंदांऐवजी बावीस किंवा अठरा लागले तर नियम खोटा ठरला असे समजू नये. अशा कपॅसिटरच्या मूल्यात वीस टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. १० च्या जागी १०० मायक्रोफॅरड लावल्यास काळ दहापट व्हावा. तो होतो काय ते स्वतः पाहावे.

बिघाड हाच गुरू

तिन्ही पाठ पहिल्याच वेळी सुरळीत चालतील असे नाही. चालले नाही की काही मुले सर्व तारा उपटून पुन्हा पहिल्यापासून जोडतात. तसे करू नये. सर्किट चालत नाही याला कारण आहे, आणि कारण शोधता येते. कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे तर आपल्या धम्माचेच सांगणे आहे.

शोध क्रमाने करावा. बॅटरीवर व्होल्टेज आहे काय? ते बोर्डाच्या ओळीत पोहोचले आहे काय? एलईडी उलटी तर बसली नाही? एकाच घटकाचे दोन्ही पाय त्याच पाच छिद्रांच्या गटात तर गेले नाहीत? ट्रान्झिस्टरचे पाय योग्य क्रमात आहेत काय? प्रत्येक ठिकाणी मीटर लावावा. जेथपर्यंत आकडा बरोबर आहे तेथपर्यंत सर्किट निर्दोष. जेथे तो चुकला त्याच्या अलीकडे-पलीकडे दोष. असा एक दोष स्वतः शोधून काढला की जो आत्मविश्वास येतो, तो परीक्षेतील गुणांनी येत नाही. दैवाला, नशिबाला बोल न लावता कारण शोधण्याची ही सवय पुढे आयुष्यातही उपयोगी पडते.

सोल्डरिंग आणि सुरक्षितता

दोन-तीन महिने ब्रेडबोर्डवर काम झाल्यानंतर सोल्डरिंग शिकावे. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. आधी तारेचे टोक आणि बोर्डावरील तांबे ही दोन्ही आयर्नने तापवावीत आणि मग सोल्डर त्या तापलेल्या जागी लावावे. आयर्नवर सोल्डर वितळवून ते जोडावर थापू नये. चांगला जोड चकचकीत व पसरट दिसतो, कच्चा जोड गोळ्यासारखा व निस्तेज दिसतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसेही असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कामाच्या जागी खाऊ नये.

सुरक्षिततेचा नियम एकच, पण तो कडक आहे. पहिले वर्षभर ६ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जाऊ नये. घरातील २३० व्होल्टच्या विजेवरील कोणतेही उपकरण उघडू नये. चार्जर किंवा टीव्हीचा पुरवठा काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक व्होल्टेज काही काळ साठून राहू शकते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर हजारो व्होल्ट असतात. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू अगर उघडू नये. ती पेट घेऊ शकते. धाडस करून दाखविण्याचा हा विषय नाही. पालकांनी या एका बाबतीत अवश्य लक्ष घालावे.

पुढची वाट

एवढे झाल्यावर वाटा अनेक आहेत. ज्याला आवाजाची आवड आहे त्याने लहान अँप्लिफायर करावा. ज्याला संगणकाची ओढ आहे त्याने आर्डुइनोकडे वळावे. हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि आज जगभर वापरला जातो. पण आर्डुइनोपासूनच आरंभ करू नये असे आमचे मत आहे. तयार प्रोग्रॅम घालून दिवा लागतो खरा, परंतु रेझिस्टर का लावला हे ठाऊक नसेल तर ते दुसऱ्याचे ज्ञान झाले. प्रत्येक घटकाचे माहितीपत्रक, ज्याला डेटाशीट म्हणतात, ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते; त्यातील निदान कमाल मर्यादांचा तक्ता वाचण्याची सवय लावावी. १९६९ पासून दिल्लीहून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' या मासिकाचे जुने अंक ग्रंथालयात मिळाल्यास त्यांतील लहान प्रकल्प अवश्य पाहावेत.

या छंदाने नोकरी मिळेलच असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. तेथे जावे की नाही, आपला कल आहे की नाही, हे हा छंद वर्षभरात प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगेल. नाही म्हणाला तरी नुकसान नाही. ज्याने एकदा मोजून पाहिले, तो पुढे ऐकीव गोष्टींवर सहजी विश्वास ठेवणार नाही.

विहारात एक टेबल

शेवटी संघाच्या सभासदांना एक विनंती. एकट्या मुलाला हजार रुपयेही जड जातात. पण दोन मल्टीमीटर, चार ब्रेडबोर्ड आणि सुट्या भागांचा एक डबा एवढे साहित्य संघाने घेतले तर दहा-बारा मुलांना ते पुरेल. रविवारी वंदनेनंतर दोन तास विहारातील एक टेबल यासाठी द्यावे. वस्तूंची नोंदवही असावी. ज्याने पहिला पाठ केला त्याने पुढच्या रविवारी नव्या मुलाला तो शिकवावा, कारण शिकविताना आपले कच्चेपण आपल्यालाच कळते. मुलींना केवळ बघायला बसवू नये. मीटर त्यांच्याही हाती द्यावा. ज्यांच्या घरी टेबल नाही, दिवा नाही, अशा मुलांना येथे पहिली जागा असावी.

विहारात आपण ध्यानाला बसतो, ग्रंथ वाचतो, बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्याच छताखाली एखादी दहावीतील मुलगी चार सेल, एक रेझिस्टर आणि एक एलईडी जोडून "सर, माझा आकडा बारा आला" असे सांगू लागली, तर १९४२ साली बाबासाहेबांनी केलेल्या मागणीचा एक छोटासा भाग आपण आपल्या हातांनी पूर्ण केला असे होईल. साहित्य स्वस्त आहे, ज्ञान मोकळे आहे. कोणीतरी पहिली तार खोचायची तेवढी बाकी आहे.

जय भीम!